खालचा कप्पा

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज लॅब उघडली. आल्या आल्या आधी फ्रिज पाहिला. चालू होता, एवढंच म्हणायचं. वरच्या कप्प्यात बोटभर बर्फ साचला होता. हा फ्रिज विभागात कधी आला ते कोणालाच आठवत नाही. वर ठेवलेलं सगळं गोठवतो आणि खालचं नीट सांभाळतो, हा त्याचा स्वभाव. मागच्या वर्षी माझी एक बाटली वर राहिली, गोठली आणि तडकली. तेव्हापासून "नीचे रखना, झारियाजी, नीचे" हे मी दहादा सांगितलं असेल. झारियाजी म्हणजे आमचे अटेंडंट. एजन्सीकडून आलेले आहेत, पण एकोणीस वर्षं याच लॅबमध्ये काचसामान धुताहेत.

अठ्ठावन्न दिवस उरले. ३१ डिसेंबरला माझ्या पीएचडीच्या नोंदणीला आठ वर्षं होतात आणि तिथेच ती संपते. दोनदा मुदत वाढवून झाली, तिसऱ्यांदा कोणी देत नाही. जबलपूरहून बसनं सिहोऱ्याला जाते, तिथल्या कॉलेजात मी अतिथी विद्वान आहे. नाव मोठं, काम तासापुरत्या मास्तरणीचं. पुढच्या सत्रापासून आधी पीएचडीवाले घेणार आणि उरलं तर आम्हाला बोलावणार, असं प्राचार्य तोंडावर सांगून मोकळे झाले. उरणार काही नाही. एकेचाळिसाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? प्रबंध झाला तर मी आहे, नाहीतर नाही. इतकं सरळ आहे, आणि प्रबंध होईल असं मला वाटत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पिशवी पाण्यात सोडली. प्रकल्पाच्या काळात मिळालेलं शेवटचं दोन ग्रॅम पॉलिग्लुटामेट, ऋणभाराच्या लांब साखळीची पूड. प्रकल्प बंद पडला, आता नवीन मागवायची सोय नाही. पूड पाण्यात विरघळवायची, पातळ पडद्याच्या पिशवीत भरायची आणि पिशवी शुद्ध पाण्याच्या मोठ्या भांड्यात टांगून ते पाणी बदलत राहायचं. भटकं मीठ बाहेर निघून जातं आणि लांब साखळी आत राहते. चार दिवस दुसरं काही करायचं नसतं. मला हे काम आवडतं, कारण यात चुकण्यासारखं काही नाही.

बाबांनी जेवताना परत विचारलं, "तू नेमकं काय मोजून राहिली, एकदा सांग तरी."

मी सांगितलं. प्रथिनासारखी लांब साखळी असते, तिच्या मण्यामण्यावर विजेचा भार असतो. ती पाण्यात टाकली की आजूबाजूचं पाणी आवळून धरते. इतकं आवळते की साखळी आणि पाणी मिळून जेवढी जागा व्यापायला हवी त्याहून थोडी कमीच व्यापतात. ती कमी किती, हे पाच तापमानांना, दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत मोजायचं. त्यावरून एका मण्यानं किती पाणी धरलंय याचा हिशेब निघतो. धनभाराच्या साखळीचं झालं. ऋणभाराची मोजली की दोघींची तुलना करायची.

बाबा भाकरी मोडत म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं पाणीच मोजलं, बाप्पा." तीस वर्षं फॅक्टरीत लेथवर काढलेला माणूस. मायक्रॉन कळतो, मग हे का नाही कळत? की कळतं आणि मुद्दाम टोचतात?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. चाळीस मिलिलीटर, एका बाटलीत. बघणाऱ्याला पाणी वाटेल. तीव्रता काढून ठेवली. पंचवीस अंशांचं आधीच झालं होतं, राहिलेल्या चारही तापमानांना हेच द्रावण वापरायचं, म्हणजे आकडे एका घरचे राहतील. उद्या-परवा सिहोरा. सोमवारी मोजणी सुरू.

निघताना धांदल झाली. बाबांची डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाचची वेळ होती आणि द्रावण अजून कोमट होतं, तसंच फ्रिजमध्ये ठेवता येईना. झारियाजी चहाला गेलेले. बाटली ओट्यावर ठेवली, चिठ्ठीवर ठळक अक्षरांत "खाली" लिहिलं आणि रबर बँडनं बांधून टाकली. संध्याकाळी ओटा आवरणं त्यांचंच काम. झाकणावर नमुन्याचा नंबर इंग्रजीत आहेच, पण इंग्रजी त्यांना जमत नाही. म्हणून त्यांच्यासाठी मी आठवणीनं देवनागरीत लिहिते. बाकीची मंडळी एवढाही विचार करत नाहीत. मराठी काय नि हिंदी काय, अक्षरं तीच.

बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. घाई नाही, डॉक्टर म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाटली गेली.

सकाळी खालचा कप्पा उघडला, नाही. वरचा उघडला, तिथेही नाही. मग स्टँडवर दिसली. उलटी, धुतलेली, लख्ख.

"झारियाजी, मेरी शीशी?"

"धो दी, दीदी. वो रही."

"धो दी? उसमें सॅम्पल था!"

"वो तो खाली थी, दीदी."

खाली थी म्हणे! चाळीस मिलिलीटर डोळ्यांना दिसतं आणि हा माणूस मला सांगतो, खाली थी!

"उसमें पानी नहीं दिखा आपको?"

"दिखा था. लगा खंगालने का पानी होगा."

"और चिट? चिट पढी नहीं?"

"पढी थी, दीदी. तभी तो धोई."

वाचली म्हणूनच धुतली! चोराच्या उलट्या बोंबा. एकोणीस वर्षांत माणूस इतका निर्ढावतो? ते पुढे काही तरी बोलत होते, मी ऐकलं नाही. सिंकजवळ जाऊन जाळी पाहिली. काय दिसणार होतं तिथे? पाणीच. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. हातातोंडाशी आलेला घास गेला. चव्वेचाळीस दिवस आहेत, आणि मोजायला काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अनिमेष सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच शांत असतात, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. म्हणाले, "लिखित में दीजिए, समिधा जी. कमेटी को कारण चाहिए. कर्मचारी की लापरवाही, इससे ठोस कारण कोई नहीं." तिसरी मुदतवाढ मिळू शकते असं त्यांना वाटतं. हैदराबादच्या त्यांच्या मित्राकडे तोच पदार्थ आहे, ते दोन-अडीच ग्रॅम पाठवतील.

तक्रार लिहायला बसले तेव्हा एका वाक्यावर अडले. झारियाजी चिठ्ठी वाचली म्हणतात. पण वाचून कोणी असं करेल का? मग ते खोटं बोलताहेत हे उघड आहे. म्हणून "चिट को बिना पढे" असं लिहिलं. हेच खरं असणार.

झरझर सही केली. कागद सरांच्या टेबलावर ठेवून आले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मिळाली. ३० जूनपर्यंत. सहा महिने!

कमेटीत दहा मिनिटंही लागली नाहीत. माझी तक्रार आणि झारियाजींचा माफीनामा, दोन कागद जोडलेले होते. माफीनामा सरांनी सांगितला आणि झारियाजींनी लिहिला: "मैंने चिट बिना पढे शीशी का पदार्थ बहा दिया. मुझसे गलती हुई, क्षमा करें." अक्षर गोल, सुबक, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. लिहून दिलंत तर निभावून नेऊ, असं सरांनी त्यांना सांगितलं होतं. पण माफीनामा पाहून एजन्सीनं त्यांना कमी करून टाकलं. सर म्हणाले, आपला इलाज नव्हता.

दुपारी झारियाजी डबा आणि चपला न्यायला आले. दाराशी उभं राहून म्हणाले, "दीदी." मी घनतामापकाच्या पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर काही नव्हतं. थोड्या वेळानं पाहिलं तर गेलेले.

वाईट वाटलं. पण माझ्या आठ वर्षांचं कोणाला वाटलं?

२ डिसेंबर, मंगळवार

नवीन माणूस आला आहे. बरा आहे, हसतो फार. मी शुद्ध पाणी भरून घनतामापक तपासून घेत होते. आकडे पाचव्या घराला हलताहेत. तीनदा केलं, तीनदा वेगळं. पूर्वी असं व्हायचं नाही. व्होल्टेजचं काहीतरी असावं. काचसामानावर पांढुरके डाग राहतात, ते मी पुन्हा स्वतः धुते, त्यात सकाळ जाते.

८ डिसेंबर, सोमवार

हैदराबादहून पुडकं आलं. अडीच ग्रॅम, साखळीची लांबी जवळपास तीच. लगेच विरघळवून पिशवीत भरलं. या खेपेला घाई नाही. सहा महिने आहेत, पदार्थ आहे, यंत्र आहे. तरी मनावरचं मळभ जात नाही. मला चांगलं होण्याची सवय राहिलेली नाही, त्याला कोण काय करणार?

१० डिसेंबर, बुधवार

हे लिहूनच काढते.

सकाळी सिहोऱ्याच्या बसमध्ये खिडकीजवळ बसले होते. शेजारची सीट मोकळी होती, तिच्यावर पर्स ठेवली. वेळ होता म्हणून नवीन बाटल्यांसाठी चिठ्ठ्या लिहीत होते. आता एकच बाटली ठेवायची नाही, पाच करायच्या, म्हणून पाच चिठ्ठ्या. स्केच पेनची शाई ओली होती. चार लिहून पर्सवर पसरून ठेवल्या आणि पाचवी लिहायला घेतली.

पनागरला एक म्हातारी चढली. हातात भाजीची पिशवी. सीटकडे बघितलं आणि मोठ्यानं हसली. कंडक्टरला म्हणाली, "देखो भैया, बिटिया ने लिख के भी रख दिया. खाली! खाली! खाली! चार बार लिखा है." चिठ्ठ्या आणि पर्स माझ्या मांडीवर दिली आणि बसली. आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मीही हसले.

हसता हसता पाचवी चिठ्ठी पाहिली.

वो तो खाली थी, दीदी. पढी थी, तभी तो धोई.

जन्मापासून जबलपूरला राहते. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, विद्यार्थ्यांशी हिंदी बोलते. "ऑटो खाली है?" हे रोज विचारते. झारियाजींशी बोलताना कधीही "खाली" म्हटलं नाही, "नीचे" म्हटलं. पण हातात पेन आलं की हात मराठी होतो. बोलण्याचा एक कप्पा आणि लिहिण्याचा दुसरा, आणि दोन्ही मला एकच वाटत आले. पहिलीपासून बाबांनी घरी बसवून मराठी लिहायला शिकवलं, त्याचा मला केवढा तोरा!

म्हातारीनं विचारलं, "तबीयत ठीक है, बिटिया?" मी हो म्हटलं. चारही तास शिकवले. काय शिकवलं ते आठवत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

बाबांना सांगितलं. आधी हसू आलं त्यांना. मग माझं तोंड पाहून थांबले.

"त्यानं बरोबर केलं मग," ते म्हणाले. "लिहिलं होतं रिकामी, त्यानं धुतली."

"हो."

"अन् तू लिहून दिलं का त्यानं वाचलंच नाही."

"हो."

बराच वेळ चष्मा पुसत राहिले. घरात हिंदी शब्द वापरला की जेवण थांबवणारा हा माणूस, खोट्याची चीड असणारा. मला वाटलं, आता ओरडतील, जा आणि सांगून ये म्हणतील. तेच ऐकायला मी बसले होते.

म्हणाले, "फॅक्टरीत एकदा कागदावर चढलं का उतरत नाही, पोट्टी. त्याचं गेलं ते गेलं. तू सांगितलं तर तुझंही जाईल, अन् त्याचं येणार नाही. मग काहून सांगून राहिली? चूप राह्य."

हे ऐकून मला बरं वाटलं. दैनंदिनीत खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं. आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सिहोऱ्याला सुट्टी टाकली आणि सरांना गाठलं. त्यांनी दार लावून घेतलं. पूर्ण ऐकलं. खाली आणि खाली, हे दोनदा समजावून सांगावं लागलं, मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"देखिए, एक्सटेंशन जिस कारण पर मिला है, वही कारण आप काट रही हैं," ते म्हणाले. "कमेटी फिर वापस ले लेगी. और झारिया वापस नहीं आएगा, उसकी जगह एजन्सी ने आदमी दे दिया है. फायदा किसका?"

कोणाचाच नाही, मी म्हटलं.

"तो फिर? पहले थीसिस जमा कीजिए. बाद में उसके लिए कहीं बात करेंगे." ते वाईट बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

झारियाजी विजय नगरला एका फर्निचरच्या दुकानाबाहेर उभे असतात, असं नवीन माणसाकडून कळलं. गेले. निळा गणवेश, अंगाला मोठा. ग्राहकांच्या गाड्या लावायच्या आणि टोकन द्यायचं. मला पाहून त्यांनी आधी टोकनच पुढे केलं. मग ओळखलं.

"अरे दीदी. सोफा देखने आई हो?"

फुटपाथवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिशवीतून बसमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी काढून दाखवली. मराठीत याचा अर्थ नीचे होतो, म्हटलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मी थांबले. रागावतील, शिव्या देतील, निदान रडतील. मला काहीही चाललं असतं.

"नीचे," ते म्हणाले. "हमने सोचा था, कुछ तो है. आप जैसी संभालके काम करने वाली, ऐसे कैसे छोड गई. घर जाके बीवी को भी बोला."

"पूछा क्यों नहीं मुझसे?"

"फोन करते? आपने ही कहा था, क्लास के टाइम फोन मत करना."

म्हटलं होतं. माफी मागितली. परत नोकरी मिळणार नाही, तेही सांगितलं, उगाच आशा कशाला लावायची. त्यांनी मान हलवली. नोकरीचं त्यांना आधीच माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "एक काम करोगी?"

मला वाटलं, कुठे शब्द टाकायला सांगतील.

"वो जो मुझसे लिखवाया था, बिना पढे. वो झूठ है. मैं बत्तीस साल का था जब पढना सीखा, दीदी. लॅब में लगने के लिए सीखा. मेरी लडकी की किताब से. तब से हर शीशी की चिट पढ के ही हाथ लगाया है. आप लिख दो कि झारिया ने पढी थी. बस इतना. फिर चाहे सब कहें कि गलत किया."

मी म्हटलं, लिहिते. एक गाडी आली, ते तिकडे धावले.

येताना ऑटोत बसून विचार करत होते की हे एका वाक्याचं काम आहे. आणि त्या एका वाक्यात माझी आठ वर्षं आहेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लिहिलं नाही. तीन दिवस झाले.

त्याऐवजी मोजणी केली. काचसामान स्वतः धुतलं, चार पाण्यांनी, झारियाजी धुवायचे तसं, शेवटचं पाणी थेंबाथेंबानं निथळू देत. आणि आकडे थांबले. सहाव्या घरापर्यंत थांबले. व्होल्टेजचं काही नव्हतं. एकोणीस वर्षं त्या लॅबमधले सगळे आकडे कोणाच्या हातांवर उभे होते, हे मला आज कळलं, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव "इतर कर्मचारी" यात टाकलं होतं.

ऋणभाराची साखळी धनभाराच्या साखळीपेक्षा पाणी जास्त आवळते. पंचविसाला तसं दिसलं होतं, आज पंचेचाळिसालाही तसंच. ऊब वाढवली की पकड सैल होते, पण अंतर राहतं. माझ्या प्रबंधात काय येणार हे मला आता दिसतंय. आठ वर्षांत पहिल्यांदा. तीनच तापमानं राहिली. जानेवारीत संपतील.

चूप राहिले तर जूनमध्ये मी डॉक्टर होते. बाबा म्हणतात तेच खरं. सर म्हणतात तेही खरं. एका माणसानं चिठ्ठी वाचली होती की नाही, याची जगात कोणाला पडली आहे?

२२ डिसेंबर, सोमवार

दिलं.

शहाणपण सुचलं किंवा मन मोठं झालं म्हणून दिलं असं नाही. सकाळी पाच बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या. त्यांच्यावर नव्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या, "नीचे" लिहिलेल्या. पेन उचललं आणि लिहिता येईना. एक शब्द लिहायला हात धजेना. असा हात घेऊन अडीचशे पानं कशी लिहायची?

पत्र हिंदीत लिहिलं. चिठ्ठीवर मी मराठीत "खाली" लिहिलं होतं, श्री झारिया यांनी ती वाचली होती, आणि वाचल्याप्रमाणेच केलं होतं. तक्रारीत मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं. गलती मेरी थी. कार्यालयातल्या बाईंनी शिक्का मारला आणि दुसरी प्रत मला परत दिली. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपने मुझसे पूछा भी नहीं." मी म्हटलं, विचारलं होतं. त्यांनी पुढच्या कागदाकडे पाहिलं.

बाबांशी आज बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण ताटात त्यांनी मला आधी वाढलं.

२९ डिसेंबर, सोमवार

मुदतवाढ रद्द. एक ओळ आहे, "प्रस्तुत कारण असत्य पाये जाने पर." नोंदणी परवा संपते. एजन्सीला पत्राची प्रत गेली होती. त्यांचं उत्तर आलं की जागा भरलेली आहे, आणि माफीनाम्यावर सही कर्मचाऱ्याची स्वतःची आहे.

बाबांनी बरोबर सांगितलं होतं. माझं गेलं, आणि त्याचं आलं नाही. सगळं अगदी तसंच झालं. पाच बाटल्या खालच्या कप्प्यात आहेत. सरांचा दुसरा विद्यार्थी त्या वापरेल, आकडे त्याचे होतील. मी कपाटाची किल्ली ठेवून आले.

 

३१ डिसेंबर, बुधवार

पत्राची प्रत द्यायला विजय नगरला गेले. दुकानावर नव्या वर्षाच्या सेलची झालर लागली होती, गाड्यांची रीघ होती. झारियाजींना फुरसत मिळेपर्यंत तासभर उभी राहिले.

कागद दिला. नोकरीचं उत्तर काय आलं ते सांगितलं. "हां, वो तो था," म्हणाले. माझं काय झालं ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला सुरुवात केली. घाई नाही. प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत, ओठ हलवत, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी आठ वर्षांत माझा प्रबंध इतक्या नीट वाचणारा माणूस पाहिलेला नाही.

मध्येच एका ओळीवर बोट थांबलं. परत मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं.  अजून काय राहिलं?

"दीदी," ते म्हणाले, "'झारिया ने चिट पढी थी.' इसमें ढ के नीचे बिंदी लगती है."

"हमारे यहां नहीं लगती," मी म्हटलं.

"हिंदी में लगती है." त्यांनी हात पुढे केला. "पेन है?"

मी पेन दिलं. कागद दुकानाच्या काचेवर टेकवून त्यांनी ढ खाली जपून एक टिंब दिलं. लांब धरून पाहिलं, "पढ़ी," असं एकदा मोठ्यानं वाचलं, आणि कागदाची घडी घालून गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवला. पेन मला परत दिलं. मग टोकनची थप्पी घेऊन गाड्यांकडे गेले.